भुंगा गेला, सूं राहिली

२१ सप्टेंबर १९८६, रविवार

रजनी, ही वही हातात घेतलीस की आधी डोक्यावर हात फिरव, चष्मा तिथेच असेल. मग गॅसवर काय ठेवलं होतं ते आठव, उतरवून ये, आणि मगच वाचायला बस. मागच्या खेपेला तू चार दिवस इथे होतीस. शालिकमामाच्या गळ्याचं मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं, तू डोळे पुसलेस, आणि बैतूलच्या गाडीत चढताना मला विचारलंस, "माय, मामाची तब्येत ठीक आहे ना?" तुझ्याजवळ तोंडी सांगितलेलं टिकत नाही, म्हणून ही वही. पूर्ण झाली की पाठवीन. तोवर इथे कोणाला दाखवणार नाही, तुझ्या भावाला, मोरेश्वरलाही नाही.

मी सांगते, उर्मिला लिहिते. उर्मिला म्हणजे आपल्या मोरेश्वरच्या अनिलची बायको, माझी नातसून. तिच्या लग्नात तू जेवलीस. मी "मले" म्हणते, ती "मला" लिहिते. मी म्हटलं, लिही तुझ्या शाळेसारखं, पण माझं बोलणं गाळू नको. लिहून झालं की वाचून दाखवते. फार हळू वाचते पोरगी, जसं काही शेजारी कान लावून बसले आहेत. नवी आहे, तोंड उघडायला वेळ लागेल.

तर पुन्हा सांगते. शालिक माझा पाठचा भाऊ. रामाकोन्याला संत्र्याचा बगीचा करतो आणि खंजिरीवर भजन म्हणतो. शनिवारी जामसांवलीच्या देवळात त्याची मंडळी बसली की लोक नारळ फोडायचं सोडून ऐकतात. त्याच्या गळ्यात गाठ आहे. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, दिवाळी झाली की कापून काढू, पण आवाजाची नळीही जाईल. माणूस राहील, आवाज राहणार नाही. शालिक मला म्हणाला, "बाई, मी गेलो असतो तर तू रडली असती. आवाज गेला तर सुटशील." मी हसले. घरी येऊन जेवले नाही.

मी मोरेश्वरला सांगितलं, दिवाळीच्या आत मामाचा आवाज टेपमध्ये पाहिजे. लग्नाच्या गाण्यांसारखा डबड्यातून आल्यासारखा नको. समोर बसून म्हणतो तसा पाहिजे. मोरेश्वर म्हणाला, तसा पाहिजे तर मायकाची पेटी, आवाज मोठा करून टेपात घालणारी, मी स्वतः बनवतो. बनव म्हटलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तुझ्या भावाचं तुला माहीत आहे. जिनिंगमध्ये फिटर. इतकी वर्षं सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या खडखडाटात उभं राहून कान अर्धे गेले, आणि छंद लागला तो नेमका आवाजाच्या पेट्या बनवायचा. म्हणून कान तो माझे वापरतो. तो आवाजाचं बटण पूर्ण फिरवतो, मायकात कोणी काही बोलत नाही, आणि मी डोळे मिटून स्पीकरच्या जाळीला कान लावते. मी "आहे" म्हटलं की पेटी पुन्हा उघडायची, "नाही" म्हटलं की झाली. पांढुर्ण्यात ह्या घरातून जेवढ्या पेट्या गेल्या त्या माझ्या "नाही"वर गेल्या. कुंभारही मला मडकी वाजवायला बोलवायचा, ते तू पाहिलं आहेस.

आज पेटी पहिल्यांदा लावली. कान लावला तर आत भुंगा. एकसारखा, जाडा, कोंडलेला. मोरेश्वरला तोही नीट ऐकू आला नाही, त्यानं जाळीवर बोटं ठेवून पाहिला. म्हणाला, विजेचाच भुंगा आहे. दुपारी मळ्यांचे पंप सुरू झाले की आपल्या घरचा बल्ब लाल पडतो, पंप बंद झाले की भपकन उजळतो. ती चढउतार पेटीत शिरते. मी म्हटलं, मग बॅटरीचे सेल लाव. तर म्हणाला, सेल सुरुवातीला ठीक, पण भजन रंगात आलं की बसतात आणि टेप रडतो. मामाचा आवाज रडका करून ठेवू का?

नको म्हटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज मला समजावून सांगितलं. अंगणातला हौद दाखवून सांगितलं, म्हणून समजलं. वरून पाणी कधी धो धो येते, कधी करंगळीएवढं. हौदाला वरच्या अंगाला एक भोक ठेवायचं. जास्तीचं पाणी भोकातून वाहून जाईल, हौदातलं पाणी भोकाच्या वर चढणार नाही आणि पेटी त्या शांत पाण्यातून पिईल. त्याला शंट रेग्युलेटर म्हणतात. उर्मिलेला लिहिता आलं, मला म्हणता येत नाही.

भोक किती उंचीवर हे ठरवणारा एक झेनर नावाचा काचेचा दाणा आहे, ज्वारीएवढा. आणि जास्तीचं ओढून नेणारा एक ट्रान्झिस्टर. मी विचारलं, म्हणजे जास्तीची वीज फुकटच घालवायची? तो म्हणाला, शांतता पाहिजे तर घालवावी लागते. हा ट्रान्झिस्टर तापतो. आणि गंमत अशी, की बाकीची पेटी काम करून राहिली असली तर कमी तापतो, कोणाला काही काम नसलं की फार तापतो. मला जावईबापूंची आठवण झाली. उर्मिला हे लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं लिही, रजनीला माहीत आहे.

मी पाहायला बोट लावलं तर फोड आला. आता त्याला गार ठेवायला ॲल्युमिनियमचा पंख्यासारखा पत्रा बसवला आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

झाली. पंप चालू असताना लावली, मुद्दाम. बल्ब लाल होता तरी पेटीत भुंगा नाही. मी दोनदा कान लावला, एकदा डावा, एकदा उजवा. आत काहीच नाही. सरकी काढलेल्या कापसात हात घातल्यासारखं.

मोरेश्वर खाली बसून माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणाला, "माय, सूं-गिं काही?"

मी म्हटलं, नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. असा हसला, जसा पहिला पगार आणला तेव्हा हसला होता.

उर्मिला चहा घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, हिलाही ऐकू द्या, नाहीतर म्हणेल सासरी मला विचारत नाहीत. तिनं जाळीला कान लावला, माझ्याकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, आजी म्हणतात तसंच आहे. चांगली पोरगी आहे. फक्त गुपचूप येते-जाते, माणूस दचकतो. मी दिलेले पैंजण घालते, पण सोनारानं घुंगरू मुके लावले. त्याला एकदा विचारायचं आहे.

यंदा सगळंच शांत आहे म्हणा. रातकिडेही नाहीत. कपाशीवर एवढं औषध मारतात, काय जगणार.

११ ऑक्टोबर, शनिवार, रामाकोना

काल आलो. अनिलनं सौंसरहून मोठा टेप आणला. तो तिथे मास्तर आहे हे तरी तुला आठवते ना. शालिकच्या मधल्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. कोंबड्या हाकलल्या. मंडळीतले चार जण आले, अंगात स्वच्छ सदरे, फोटो काढायला आल्यासारखे. शालिक मधे बसला. बारीक झाला आहे. मानेला मफलर गुंडाळला होता, तो त्यानं काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

मी म्हटलं, घसा साफ कर. तो म्हणाला, आता तो डॉक्टरच करणार.

एक गवळण म्हटली, मग तीन भजनं. तिसऱ्या भजनात एक जागा आहे, तिथे तो आवाज वर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. आमचा बाप तिथे पोहोचायचा नाही, खालूनच फिरायचा. शालिक पोहोचला. धरला. मी त्याच्या गळ्याकडे पाहत होते. कातडीखाली ती गाठ खाली-वर होत होती आणि आवाज मात्र असा, की त्याला तिचं काही माहीतच नाही.

भजन संपलं. मोरेश्वरनं बटण दाबलं तेव्हा कुठे माणसं खाकरली.

रजनी, आता त्याची नळी काढली तरी चालेल, असं मला वाटलं. खरंच वाटलं. लिहून ठेवते.

१९ ऑक्टोबर, रविवार

शालिक आज सौंसरच्या बसनं आला, स्वतःचं ऐकायला. येताना पिशवीभर संत्री, हिरवीच. मी म्हटलं, आंबट आणलीस, गोड विकलीस. तो म्हणाला, "बाई, तुले गोड दिली असती तर तू कडू म्हटलं असतं." आवाज बसका येऊन राहिला होता. प्रवासाची धूळ असेल.

टेप लावला. तो डोळे मिटून ऐकत होता. गवळण संपायच्या आत त्यानं डोळे उघडले आणि हात वर केला. बंद कर म्हणाला. मोरेश्वरला म्हणाला, "भाचा, माझ्या मागं कोणं कढई ठेवली? तेल तापून राहिलं."

मी म्हटलं, कसली कढई? पहिले घसा गेला, आता कानही गेले का? तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "असन बाई, माझेच असतीन." मी म्हटलं, डॉक्टरला सांग, गळा कापतोच आहे तर कानातला मळही काढ.

नेहमी अशा बोलण्यावर सगळे हसतात. आज कोणी हसलं नाही. मोरेश्वर पेटीकडे पाहत होता, उर्मिला जमिनीकडे. शालिकच्या कानांचं त्यांना वाईट वाटलं असावं. मलाही वाटलं. भजन म्हणणाऱ्या माणसाचा कान जाणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

जाताना त्यानं माझे पाय धरले. दिवाळीच्या आधी कधी धरत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

चार दिवस मला कोणी पेटीपाशी बोलावलं नाही. जिनिंगचा हंगाम सुरू झाला, मोरेश्वरची पाळी आहे. तरी पाळीवरून आला की हातपाय न धुता पुढच्या खोलीत जातो. राळेचा वास येतो, म्हणजे तारा जोडायला डाग देऊन राहिला. मी विचारलं, काय करतोस? म्हणाला, काही नाही माय, तू आराम कर. मला आजवर ह्या घरात कोणी आराम कर म्हटलं नव्हतं.

आज मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. दार अर्धं लोटलेलं होतं. आत पाहिलं तर जाळीला उर्मिलेचा कान, आणि मोरेश्वर तिच्या तोंडाकडे पाहून राहिला, जसा माझ्या तोंडाकडे पाहायचा. ती मान हलवत होती. आहे, अजून आहे.

दिवेलागणीला ती वही घेऊन आली. मी काही सांगितलं नाही. मग विचारलं, "त्या पेटीत तुले काय ऐकू येते?"

तिची पेन्सिल थांबली. म्हणाली, "सूं येते आजी. पहिल्या दिवसापासून. फोडणीत मोहरी टाकायच्या आधी तेल करते तशी."

"अन् सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही नाही म्हणाल्या. सगळे म्हणतात, आजींचा कान. मी तर आत्ता आली ह्या घरात."

मग मी रातकिड्यांचं विचारलं. ती म्हणाली, "आहेत ना आजी. आत्ताही ओरडून राहिले. रोजच ओरडतात." मी म्हटलं, पाय हलव. तिनं हलवला. मी पैंजणाकडे पाहत होते. घुंगरू हलताना दिसले.

मी म्हटलं, लिही हे. ती लिहीना. मी म्हटलं, लिही, माझ्या सोनाराची बदनामी झाली आहे ह्या वहीत, ती तरी खोड. खोडू नको म्हटलं मग. राहू दे.

वाचून दाखवताना आज ती मोठ्यानं वाचून राहिली. आधी का नाही वाचलं असं मी विचारणार होते. विचारलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मोरेश्वरला बसवून विचारलं. तो म्हणाला, त्याच्या हिंदी मासिकात छापलं होतं की झेनर सूं करतो, आणि मायकाच्या पेटीत ती फार मोठी होऊन येते. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, "तू नाही म्हणाली. मी म्हटलं, मासिकवाल्याचा झेनर खराब असन."

त्याच्या मीटरवर सूं दिसत नाही. मीटर म्हणतो वीज बरोबर आहे. त्याचे कान रेच्यांनी खाल्ले, माझे कोणी खाल्ले ते मला माहीत नाही. आम्ही दोघं मायलेक पेटीसमोर बसून एकमेकांना म्हणत होतो, काही नाही, काही नाही.

मामाला पुन्हा म्हणायला लावू, तो म्हणाला. डॉक्टरच्या तारखेच्या आत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मोरेश्वर नागपूरला जाऊन आला. झेनर काढून टाकला. त्याच्या जागी तीन बारीक लाल दिवे, एकाखाली एक. भोक किती उंचीवर हे आता ते दिवे ठरवतात, आणि ते झेनरसारखी कुरकुर करत नाहीत म्हणे. शेजारी एक डबी बसवली, उरलीसुरली सूं पिऊन टाकणारी. दिवे पाहण्यासाठी असतात असं मी समजत होते, हे ऐकण्यासाठी आहेत.

संध्याकाळी त्यानं उर्मिलेला हाक मारली. मीही गेले. माझा पाट जाळीसमोर ठेवलेला असतो, तिथे ती बसेना. उभ्यानंच वाकून ऐकायला लागली. मी तिचा हात धरून पाटावर बसवलं. म्हटलं, भुंगा मी ऐकते, तो मला अजून ऐकू येतो. सूं तू ऐक. दोघींनी नाही म्हटलं तरच नाही.

मी भुंगा पाहिला. नाही. मग तिनं ऐकलं. पार डोळे मिटून, श्वास धरून. पाटावर बसलेलं माणूस तसं दिसते हे मला आज समजलं, मी कधी बाहेरून पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, नाही आजी. मी तिला म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणू नको, मामाआजोबांचा आवाज आहे. तिनं पुन्हा कान लावला. "खरंच नाही."

मोरेश्वर हसला नाही. फक्त दिवाळी किती दिवसांवर आहे ते मनाशी मोजून राहिला होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार, भाऊबीज

पेटी रामाकोन्याला नेणार होतो, तर शालिकच आला. म्हणाला, भाऊबीजेला भावानं यायचं असते, पेटीनं नाही.

मी ओवाळलं. करंजी दिली, त्यानं तोडली आणि ताटात ठेवली. दूध प्यायला, तेही थांबून थांबून. आवाज रजनी, मी तुला कसा सांगू. वाळूत लोटा घासल्यासारखा. पंधरा दिवसांत एवढा. मी म्हटलं, थंड पाणी प्यायला असशील. तो हो म्हणाला.

पुढच्या खोलीत गोधड्या टांगल्या. तीन लाल दिवे लागले. उर्मिलेनं कान लावून मान हलवली, मी मान हलवली. शालिकनं खंजिरी घेतली. तेच भजन. पहिली ओळ निघाली, दुसरीला आवाज फाटला. त्यानं खंजिरी वाजवत ठेवली, पुन्हा आला, पुन्हा फाटला. त्या वरच्या जागेपर्यंत गेलाच नाही. खंजिरी खाली ठेवली. मोरेश्वर बटण बंद करायला वाकला तर त्यानं हातानं अडवलं. आणि मायकाजवळ तोंड नेऊन बोलला.

"बाई, आता कढई नाही. पण भजीही नाही. जेवढं होतं तेवढं तुह्या त्या टेपात गेलं. ते ठेव."

टेप फिरत होता. खोलीत कोणी बोलत नव्हतं, आणि तेही त्यात भरून राहिलं होतं.

मी मनात हिशेब केला. त्या सहा तारखेला मी "आहे" म्हटलं असतं, तर अकराला हीच पेटी रामाकोन्याला गेली असती आणि हाच गळा चांगला होता. हे मी तेव्हा कोणाला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सगळ्यांनी मिळून मला समजावलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

त्याच्या पिशवीत मी करंज्या भरून दिल्या. तो खाणार नाही हे माहीत होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सोमवारी शालिक छोट्या रुळांवरच्या गाडीनं नागपूरला गेला, सोबत मोरेश्वर. काल परत आले. मला सांगितलं, आपरेशन सध्या नको म्हणाले, गोळ्या दिल्या आहेत. मी म्हटलं, बरं झालं, डॉक्टर शहाणा निघाला. सगळ्यांना बरं वाटलं मी असं म्हटल्याचं.

आज मोरेश्वर आणि अनिल ओसरीवर बसले होते, मी खांबाला टेकून वाती वळत होते. आता ह्या घरात सगळ्यांना माहीत झालं आहे की आजीला ऐकू येत नाही. म्हणून माझ्यासमोर काहीही बोलतात. पण रजनी, माझी सूं गेली आहे, भुंगा नाही. पुरुषांचा जाडा आवाज मला तुझ्याइतकाच ऐकू येतो. मोरेश्वर म्हणाला, "डॉक्टर म्हणाला, उशीर झाला, खाली उतरलं आहे. घरी न्या, जे मागन ते खाऊ द्या."

मी वात वळत राहिले. एकही वाकडी झाली नाही.

उर्मिला आत्ता मला विचारून राहिली, हे लिहू का. लिही. आणि त्यांना सांगू नको की मला माहीत आहे. मला सांभाळण्यात त्यांचे दोन हात गुंतलेले राहू दे, नाहीतर त्या हातांचं ते काय करतील.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शालिकला इथेच आणला. मी हट्ट केला. म्हटलं, गोळ्यांना वेळेवर दूध लागते, रामाकोन्याला कोण देईल. सगळ्यांनी माझं खोटं मानलं, जसं मी त्यांचं मानलं.

त्याचा आवाज गेला आहे. कुजबुजतो. ओठ हलतात आणि नुसता वारा येतो. उर्मिलेला समजते, मोरेश्वरची बायको गेली, तिची जागा रिकामी असली तरी ह्या घरात ऐकणारं माणूस आलं आहे म्हणायचं. मला समजत नाही. त्याच्याजवळ आता सूं तेवढी उरली आहे, आणि तीच माझ्या कानात शिरत नाही. मी त्याच्या तोंडाला कान लावून बसते, जाळीला लावत होते तसा. तो बोलतो. मी "आहे" म्हणू की "नाही" म्हणू ते मला कळत नाही. मग उर्मिला मोठ्यानं सांगते, आजी, मामाआजोबा म्हणतात उशी वर करा. आजी, ते म्हणतात तुम्ही वजनदार आहात, खाटेवरून उतरा.

आज दुपारी त्यानं टेपाकडे बोट दाखवलं. मोरेश्वरनं दुसरा लावायला घेतला, लाल दिव्यांचा, स्वच्छ. शालिकनं मान हलवली. पहिला लाव. मोरेश्वर म्हणाला, मामा, त्यात सूं आहे. त्यानं पुन्हा पहिल्याकडेच बोट दाखवलं.

लावला. रामाकोन्याची खोली, गोधड्या, ते चार जण, आणि शालिक. तिसरं भजन आलं, ती वरची जागा आली, त्यानं आवाज तिथे नेला आणि धरून ठेवला. माझ्या कानात दुसरं काही नव्हतं रजनी, फक्त तो. मी त्याच्याकडे पाहिलं. तो टेपाकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. ओठ हलले. मी उर्मिलेकडे पाहिलं. तिला सांगता येईना. मी म्हटलं, सांग.

"ते म्हणतात, बाईच्या कानानं ऐकलं पाहिजे होतं."

भजन संपेपर्यंत मी त्याचा पाय दाबत बसले.

आता नीट वाच. तो काही मागत नाही. दूध नको, वरणाचं पाणी नको, साबुदाण्याची खीर दोन चमचे आणि पुरे. पण आज उर्मिलेला म्हणाला, कुरड्यांचा चीक. लहानपणी उन्हाळ्यात माय चीक शिजवायची तर कुरड्या पाडायच्या आधी अर्धा ह्यानंच संपवलेला असायचा. माझ्या हातानं गाळलेल्या चिकात आता कोंडा राहतो, आणि तो त्याच्या गळ्यातून उतरणार नाही. तुझ्या हाताच्या चिकात राहत नाही. तर आजच गहू भिजत घाल. पाणी रोज बदल. तिसऱ्या दिवशी वाट, आणि एकदा नाही, दोनदा पातळ लुगड्यातून गाळ. वरचं पाणी ओतून टाक, शिजवू नको, ओलाच चीक डब्यात भर. मीठ नको, जिरं तर मुळीच नको. वही घेऊन अनिल येतो आहे, तो तिथेच थांबेल आणि रविवारच्या पॅसेंजरनं डबा आणेल. मी इथे दुधात शिजवून देईन. दोघांना पुरेल एवढा पाठव, एकटा बसवला की तो खात नाही.